शेऱ्याच्या रकान्यातली मुलं

सरकारी कागदावर इनशिराहचं काम चार ओळींचं होतं. मुलांची उंची मोजायची, वजन करायचं, डोक्यात उवा आहेत का बघायच्या, आणि लस टोचायला डॉक्टर आले की रडणाऱ्या पोरांचे हात धरायचे. इजिप्तमधल्या रशीद गावच्या प्राथमिक शाळेत ती बाविसाव्या वर्षी लागली आणि जिन्याखालच्या त्या खोलीत तिनं अर्धं आयुष्य काढलं. खोलीत एक वजनकाटा, एक तपासायचं बाकडं, चहापुरता स्टोव्ह, आणि भिंतीला लागून मुलांच्या आरोग्य कार्डांचं पत्र्याचं कपाट. पोरं तिला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायची, शाळेतल्या सगळ्याच बायांना म्हणतात तशी. पोरांचं ऐकून त्यांच्या आया म्हणू लागल्या, आणि पुढे पुढे तर कोपऱ्यावर ताअमियाचे वडे तळणारा म्हाताराही तिला अब्लाच म्हणायला लागला.

प्रत्येक कार्डाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा, दोन बोटांएवढा. बाकीच्या शाळांतल्या बाया तिथं 'ठीक' लिहून मोकळ्या व्हायच्या. इनशिराहला ते जमलं नाही. तिला जे दिसायचं ते ती लिहायची, बारीक अक्षरात, कधी कधी कडेनं उभं लिहून. 'मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभा राहतो. कॉलर चावतो.' 'रविवारी सकाळी, शाळेचा आठवडा सुरू होताना, पोट दुखतं. गुरुवारी दुपारी, सुट्टीच्या तोंडावर, दुखत नाही.' 'कुणी मोठ्यानं बोललं की कान झाकते.' हे लिही म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लिहिलेलं कुणी वाचतही नव्हतं. एकदा हेडमास्तर उस्ताज शौकतनी कार्ड हातात घेऊन चष्मा वर केला.

"अब्ला, तुमचं काम पोरांच्या उवा बघायचं. मन बघायचं नाही."

"उस्ताज, दोन्ही डोक्यातच असतात," ती म्हणाली आणि कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं.

ते हसले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

नवारा दुसरीत असतानाची गोष्ट. तिचा बाप बसयूनी मासेमारीच्या बोटीवर होता. त्या हिवाळ्यात बोटीचं इंजिन बंद पडलं आणि वारा तिला पश्चिमेकडे ओढत घेऊन गेला. अकरा दिवस पत्ता नाही. नवव्या दिवशी शेजारच्या बाया काळे कपडे घालून घरी येऊन बसल्या सुद्धा. आणि बाराव्या दिवशी दुपारी बसयूनी नदीच्या मुखातून आत आला, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, पण दोन पायांवर चालत. गल्लीत बकरं कापलं. लोक नाचले. त्या गडबडीत सात वर्षांच्या पोरीकडे बघायला कुणाला सवड होती? "लहान आहे, विसरून जाईल," असं तिची आजी म्हणाली, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी पोर वर्गात झोपलेली सापडली म्हणून बाईंनी इनशिराहकडे आणली. इनशिराहनं ताप बघितला, पोट दाबून बघितलं, आईला बोलावून चार प्रश्न विचारले आणि नवाराच्या कार्डावर लिहिलं: 'वर्गात झोपते. सकाळी खात नाही, मळमळतं म्हणते. आई सांगते, बाप समुद्रावर गेला की रात्र रात्र जागी असते.' मग तिला पाव आणि चीज खायला घातलं, बाकड्यावर अर्धा तास झोपू दिलं आणि वर्गात परत पाठवलं. याहून जास्त काय करायचं हे त्या वेळी तिलाही माहीत नव्हतं.

वर्षं गेली. बसयूनीच्या पाठीला मार लागला, त्यानं समुद्र सोडला आणि बर्फाच्या कारखान्यात रात्री दहापर्यंतची पाळी धरली. नवारा मोठ्या शाळेत गेली. इकडे मोठ्या शाळांतल्या आरोग्याच्या दोन्ही बाया एकाच वर्षी निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हा मुलांची आणि मुलींची अशा दोन्ही मोठ्या शाळा आठवड्यातले तीन दिवस इनशिराहच्या गळ्यात पडल्या.

लहान पोरं तिच्या हातातली होती. ही मोठी मात्र तिला कळेनात. मुलगे शाळेमागे सिगारेट ओढायचे. मुली सकाळी काही न खाता यायच्या आणि अकरा वाजता चिप्सची पाकिटं फोडायच्या. ताकद येण्याचं म्हणून ते जे डब्यातलं गोड पाणी मिळतं, ते दिवसाला दोन-तीन पिणारी पोरं होती. खेळाच्या तासाला निम्मा वर्ग आजारी. पहिल्या दोन तासांना डोळे उघडत नसत, कारण पहाटेपर्यंत फोन. इनशिराहनं बाकी सगळे करतात तेच केलं. व्याख्यानं दिली, भिंतीवर तक्ते लावले, पालकांना चिठ्ठ्या धाडल्या. शिक्षकांच्या खोलीत बसून, चहात चार चमचे साखर ढवळत, "या पिढीला वळणच नाही," असं तीही इतरांबरोबर म्हणायची.

एका नोव्हेंबरात, मुलींच्या मोठ्या शाळेत, सकाळी नवाच्या सुमारास, खेळाच्या अब्ला फिक्रिया एका मुलीला दंडाला धरून घेऊन आल्या.

"ही घ्या तुमची राणीसाहेब. दोन फेऱ्या मारायला सांगितल्या, तर चक्कर येऊन पडली."

मुलगी पंधरा वर्षांची, उंच, डोळ्यांखाली काळं. इनशिराहनं ओळखलं नाही. साखरपाणी पाजलं, रक्तदाब बघितला.

"शेवटचं कधी खाल्लंस?"

"काल."

"काल कधी?"

"काल, अब्ला. काल म्हणजे काल."

इनशिराहनं घसा खाकरला आणि सुरू केलं. सकाळचं खाणं हा शरीराचा...

"...पाया असतो," मुलीनं वाक्य पुरं केलं. "रात्री आठ तास झोप. रोज अर्धा तास चालणं. फोन उशाशी ठेवायचा नाही. डब्यातलं पाणी विष असतं. मला पाठ आहे, अब्ला. चौथ्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणीला तर तुमच्या आवाजातसुद्धा येतं."

इनशिराहला हसू आलं, पण आतून ती थोडी ओशाळली. इतकं पाठ असून उपयोग शून्य. "नाव काय गं तुझं?"

"नवारा. नवारा बसयूनी."

अकरा दिवसांची ती बोट तिला एकदम आठवली. पोरीला तिनं घरी पाठवलं आणि कपाट उघडलं. मुलगा शाळा बदलतो तसं कार्डही त्याच्या मागे जातं, आणि दोन्ही मोठ्या शाळांची कार्डं ह्या इथल्या कपाटात असायची. ते तिथंच होतं, कोपरे मऊ पडलेलं. तिनं शेऱ्याचा रकाना वाचला. स्वतःचंच आठ वर्षांपूर्वीचं अक्षर. वर्गात झोपते. सकाळी खात नाही. रात्र रात्र जागी असते.

 आज सकाळच्या मुलीचं वर्णन कुणी तरी आठ वर्षं आधी लिहून ठेवावं, असं ते होतं. आणि लिहिणारी ती स्वतः होती.

मध्यावधी सुट्टीत शाळा बंद असताना तिनं शिपायाकडून किल्ली मागून घेतली. कपाटातून आधी ती कार्डं काढली जी ह्या वर्षी सतत तिच्यासमोर येत होती: सिगारेटवाले, न जेवणारे, खा खा खाणारे, न झोपणारे, मैदानाकडे पाठ फिरवणारे. एक्केचाळीस निघाली. तिनं ती तपासायच्या बाकड्यावर, मग खुर्चीवर, मग फरशीवर मांडली आणि गुडघ्यांवर बसून जुने शेरे वाचायला लागली.

शाळेमागे सिगारेट ओढताना दोनदा पकडलेला हमीद नावाचा एक मुलगा सहा वर्षांचा असताना भिंतीला पाठ लावून कॉलर चावत होता. काहीतरी तोंडात धरल्याशिवाय त्याला तेव्हाही राहवत नव्हतं. खेळाच्या तासाला दर वेळी आजारी पडणारी एक मुलगी पहिलीत असताना मोठ्या आवाजाला कान झाकायची, आणि मैदान म्हणजे तर सगळा आवाजच. रविवारी पोट दुखणारा मुलगा आता रविवारी शाळेतच येत नव्हता. एका मागोमाग एक कार्ड ती उचलत गेली. सहा-सात वर्षांचं पोर आपल्या भीतीवर जे औषध स्वतः शोधून काढतं, ते कुणी काढून घेतलं नाही, दुसरं दिलं नाही, तर पोर वाढतं तसं ते औषधही वाढतं. पंधराव्या वर्षी त्याला सगळे वाईट सवय म्हणतात. खिडकीतून नदी दिसत होती. एवढीशी मुलं, आणि एवढं मोठं काही तरी वर्षानुवर्षं न बोलता उचलून चालतात, ह्या विचारानं तिला तिथंच बसून राहावंसं वाटलं. मशिदीत गेल्यावर माणूस जसा आपोआप हळू बोलतो, तसं तिनं ती कार्डं हळू हातांनी गोळा केली.

मग तिला स्वतःची आठवण आली. ती मूळची पोर्ट सईदची. युद्धाच्या दिवसांत सुएझ कालव्याकाठची गावं रिकामी केली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिचं कुटुंब रशीदला आलं आणि दीड वर्ष एका शाळेच्या वर्गात, मधे चादर बांधून, दुसऱ्या दोन कुटुंबांबरोबर राहिलं. त्या वर्गात ती उशीखाली पाव लपवायची. पुढं घर मिळालं, फडताळ भरलेलं असायचं, तरी तेरा-चौदाव्या वर्षी ती चोरून खायची, पोट फुटेस्तोवर. अंग सुटलं, मैत्रिणींसमोर पळायची लाज वाटू लागली. "हावरट आहे आमची इनशिराह," आई पाहुण्यांना हसत सांगायची. त्रेपन्नाव्या वर्षी, फरशीवर बसून, तिनं पहिल्यांदा त्या पावाचा आणि त्या हावरटपणाचा धागा जोडला.

सुट्टीनंतर तिनं नवाराला बोलावलं. ह्या वेळी तक्ता नाही, व्याख्यान नाही. स्टोव्हवर चहा ठेवला.

"रात्री काय करतेस गं?"

"फोन बघते."

"काय बघतेस?"

"काहीपण. लोक केक करतात ते. मांजरं."

"झोप येत नाही, की झोपायचं नसतं?"

नवारानं कप फिरवला. हा प्रश्न तिला पाठ असलेल्यांतला नव्हता. "येते ना झोप. पहाटे येते. अजान होते, बाबा उठतात, त्यांच्या चपला वाजतात. मग लगेच येते."

"चपला वाजल्या की."

"हो. म्हणजे..." ती थांबली. "म्हणजे बाबा घरात आहेत ना, हे कळतं."

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं कप खाली ठेवला. बाप समुद्रावर जायचा बंद होऊन पाच वर्षं झाली होती. बाप शेजारच्या खोलीत घोरत असे. आणि ही पोर अजून किनाऱ्यावर उभी होती.

इनशिराहनं बसयूनीला निरोप धाडला. तो शुक्रवारची दाढी करून, इस्त्रीचा पायघोळ गलाबिया घालून आला, काही तरी मोठा गुन्हा घडला असेल अशा चेहऱ्यानं.

"फोनच काढून घेतो मी तिचा, अब्ला. सगळी भानगड त्या फोनची आहे."

"घ्या काढून. मग ती अंधारात जागेल."

तिनं कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. बसयूनीला वाचायला वेळ लागायचा. त्यानं बोट ठेवून ठेवून तो रकाना वाचला, मग परत वाचला.

"पण मी तर आलो होतो ना परत," तो म्हणाला. "सगळ्या गावानं बघितलं."

"तुम्ही आलात. पण आता निवांत झोप, असं तिला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही पुढं तीन वर्षं त्याच समुद्रावर जात राहिलात. दर रात्री ती जागी राहिली आणि दर वेळी तुम्ही परत आलात. लेकराच्या हिशेबानं तिनंच तुम्हाला परत आणलं."

बसयूनीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.  "एवढीशी होती हो," तो म्हणाला. "आम्ही बकरं कापत होतो, आणि ही पहाऱ्यावर."

दर दुसऱ्या बुधवारी अलेक्झांड्रियाहून मुलांच्या मनाच्या डॉक्टर रागिया सरकारी दवाखान्यात येत. इनशिराहनं बापलेकीला त्यांच्याकडे नेलं, आणि बरोबर ती एक्केचाळीस कार्डंही एका पिशवीत. डॉक्टर तरुण होत्या, घाईत असत. तीनच कार्डं बघायची म्हणून त्यांनी पिशवी उघडली आणि बाहेरची रांग विसरून सगळी वाचून काढली.

"हे कुणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मोकळी जागा होती."

"आम्ही अशा गोष्टी शोधायला मोठमोठ्या याद्या घेऊन फिरतो, अब्ला. आणि तुम्ही उवा बघता बघता..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग डॉक्टरी शिस्तीनं म्हणाल्या, "पण जपून हं. ह्यात फक्त बिघडलेल्यांची कार्डं आहेत. लहानपणी असंच पोट दुखणारी आणि पुढं ठणठणीत झालेली मुलंही असतील. तीपण काढा. आणि लहानपणी अगदी खुशाल असूनही आज सिगारेट ओढणारी."

इनशिराहला ते पटलं. परत येऊन तिनं तीही काढली, आणि होती खरंच. लहानपणीचे असेच शेरे असलेली, पण आज वेळेवर झोपणारी, फुटबॉल खेळणारी, भाकरीबरोबर बाकल्याची उसळ हाणून शाळेत येणारी एकोणीस मुलं सापडली. ती त्या एकेका मुलाशी बोलली. कुणाला मावशी होती, कुणाला एक मास्तर, एकाला तर नुसता होडी रंगवणारा शेजारी, जो त्याला रोज दुपारी जवळ बसवून घ्यायचा आणि काय झालं रे आज, म्हणून विचारायचा. हे सगळं लिहून तिनं पुढच्या बुधवारी डॉक्टर रागियांना वाचायला दिलं. "लोखंडाची साखळी वाटते ही," त्या म्हणाल्या, "आणि तोडायला एक होडी रंगवणारा पुरतो."

नवाराचं काही एका रात्रीत झालं नाही. डॉक्टरांनी बसयूनीला सांगितलं होतं की त्या अकरा दिवसांबद्दल मुलीशी बोला. तो घरात कधी बोललाच नव्हता. आता आठवड्याच्या सुट्टीला, संध्याकाळच्या नमाजानंतर, गच्चीवर भाजलेल्या बिया घेऊन तो बसू लागला आणि सांगू लागला. पाणी कसं वाटून प्यायले. ताडपत्री कशी बांधली. एक म्हातारा खलाशी दिवसभर कसे पाचकळ विनोद करायचा. नवारा ऐकायची आणि मधेच सात वर्षांच्या मुलीचे प्रश्न विचारायची.

"मी जागी होते हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. मला वाटायचं, तू झोपली असशील. ते बरं वाटायचं मला. निदान आपली पोर झोपलीय, असं."

ह्यावर ती खूप वेळ रडली, असं त्यानं इनशिराहला सांगितलं. पहिल्या महिन्यात त्यापलीकडे काही बदललं नाही. गोड पाण्याचे डबे चालूच, फोन चालूच. तिसऱ्या महिन्यात ती बापाबरोबर सकाळी साडेसहाला खायला बसू लागली, कारण बाप समोर बसलेला बघायला तिला आवडायचं. पोटात काही गेलं की अकराला चिप्स लागत नसत. उन्हाळ्यापर्यंत ती बारा वाजता झोपायला लागली होती. गणितात एकदा नापास झाली. पुढच्या डिसेंबरात वादळ आलं, बसयूनीचा फोन बंद पडला, कारखान्यातून यायला त्याला उशीर झाला, आणि पोर उंबऱ्यात बसलेली सापडली. पुढं पंधरा दिवस सगळं जसंच्या तसं मागे गेलं. फिक्रिया अब्लांच्या मैदानावर तर ती शेवटपर्यंत धावली नाही. पण नदीच्या काठानं मैत्रिणीबरोबर शाळेत चालत यायची, पंचवीस मिनिटं, आणि इनशिराहनं फिक्रियांना सांगून तेच खेळात धरायला लावलं.

"हे कुठल्या नियमात बसतं?" फिक्रियांनी विचारलं.

"शेऱ्यात लिहा," इनशिराह म्हणाली.

तिनं मोठ्या पोरांसमोर व्याख्यान देणं सोडलं. प्राथमिक शाळेच्या दोन दिवसांत मधल्या सुट्टीला ती आता खोलीत बसत नसे. अंगणात चिंचोळ्या सावलीत खुर्ची टाकून बसायची आणि भिंतीला पाठ लावणारं पोर दिसलं की त्याला काही तरी काम सांगायची: माझी पिशवी धर, ह्या गोळ्या मोज, हा पाव अर्धा कर, अर्धा तू खा. काम करता करता पोरं बोलतात हे तिला ठाऊक होतं. जे ऐकायची ते घरी पोचवायची, आणि घर ऐकेना तर बुधवारी डॉक्टरांकडे. उस्ताज शौकत तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांची नात पहिलीत आली तेव्हा ते स्वतः तिला बोटाला धरून घेऊन आले.

"कान झाकते, अब्ला. मोठ्यानं कुणी बोललं की."

"घरात मोठ्यानं कोण बोलतं?"

म्हाताऱ्यानं वर बघितलं, खाली बघितलं. "मीच," तो म्हणाला.

हमीदची सिगारेट सुटली नाही. त्यानं ती खूपदा सोडली आणि खूपदा धरली. तो इनशिराहला रस्त्यात दिसला की विझवून मागे लपवतो, आणि ती न दिसल्यासारखं करून त्याच्या आईची चौकशी करते. सगळ्यांपर्यंत वेळेत पोचता येत नाही, हे ती जाणून आहे. त्याचं कार्ड शाळेतून गेलं, तरी तिच्या डोक्यात जसंच्या तसं आहे.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी सातला तिचा फोन वाजला. नवारा. अलेक्झांड्रियात कॉमर्सला होती, पाच मुलींबरोबर खोली घेऊन राहायची.

"अब्ला, काल रात्री इकडे मोठं वादळ झालं म्हणे. समोरच्या इमारतीची खिडकी पडली. सगळ्या जाग्या होत्या."

"आणि तू?"

"मला आत्ता सांगितलं त्यांनी."

 पलीकडे बशा वाजत होत्या, कुणी तरी भाकरीसाठी भांडत होतं. इनशिराहनं विचारलं, "खाल्लंस का काही?"

"खातेच आहे, अब्ला. तोंडात घास आहे माझ्या."

फोन ठेवून ती शाळेत गेली. त्या दिवशी पहिलीच्या दोन वर्गांची उंची मोजायची होती, एकूण त्र्याहत्तर मुलं.